वेगाची सरळ रेषा : रेडिओ-नियंत्रित हायड्रोप्लेनची जुळणी

अवघे ३३० फूट, म्हणजे सुमारे शंभर मीटर अंतर. ताशी १०० मैल (१६१ किलोमीटर) वेगाने धावणारी नौका हे अंतर सव्वादोन सेकंदांत पार करते. काठावर उभ्या असलेल्या चालकाच्या हातात एक रेडिओ-प्रक्षेपक असतो आणि समोर पाण्यावरून हात-दीड हात लांबीची एक नौका जवळजवळ हवेतूनच सरकत जाते. रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती नौकांच्या छंदात सरळ रेषेतील वेगचाचणी हा एक स्वतंत्र प्रांत आहे. येथे वळणे नाहीत, प्रतिस्पर्धी नौका नाहीत, डावपेच नाहीत. आहे ती केवळ नौका, पाणी, हवा आणि घड्याळ.

सकृद्दर्शनी हा शक्तीचा खेळ वाटतो. मोठे इंजिन बसवावे, अधिक दाबाची बॅटरी जोडावी आणि वेग वाढवावा, अशी नवख्याची समजूत असते. प्रत्यक्षात एका मर्यादेनंतर वेग ठरतो तो जुळणीवर. गुरुत्वमध्य काही मिलिमीटर पुढे-मागे झाला, एखादा कोन अर्ध्या अंशाने बदलला, तर तीच नौका एकतर पाण्याला चिकटून बसते किंवा हवेत उलटी फेकली जाते. या चाचणीचा नियमही असा आहे, की नौकेला एकदा वेग गाठून भागत नाही; उलट दिशेने परत यावे लागते. जुळणीचे सारे शास्त्र या परतीभोवती फिरते.

हायड्रोप्लेन म्हणजे काय?

साधी नौका पाणी बाजूला सारत पुढे जाते. वेग वाढेल तसा पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो. हायड्रोप्लेनची कल्पना याच्या नेमकी उलट आहे. चपटा दगड पाण्यावर तिरका फेकला असता तो टप्पे घेत जातो, तद्वत ही नौका पाण्यात न शिरता पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाते. तिच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंस स्पॉन्सन नावाचे दोन तरंगते अवयव असतात. वेगात असताना नौकेचा भार या दोन स्पॉन्सनांच्या मागच्या कडांवर आणि पिछाडीस एका ठिकाणी, अशा तीन बिंदूंवर पेलला जातो. यावरूनच 'त्रिबिंदू' नौका हे नाव रूढ झाले.

पूर्णाकृती नौकांच्या इतिहासात या रचनेने क्रांती घडवली. ब्रिटनच्या सर माल्कम कॅम्पबेल यांनी १९३९ साली कॉनिस्टन सरोवरावर ताशी १४१.७४ मैलांचा (२२८ किलोमीटर) विक्रम केला, तो 'ब्लूबर्ड के-४' या त्रिबिंदू नौकेतूनच. अकरा वर्षांनी, २६ जून १९५० रोजी, अमेरिकेतील सिअॅटलजवळच्या लेक वॉशिंग्टनवर 'स्लो-मो-शन ४' या नौकेने हा विक्रम ताशी १६०.३२ मैलांवर (२५८ किलोमीटर) नेऊन ठेवला. तिच्या यशाचे मर्म असे, की तिचा तिसरा बिंदू तळाचा लाकडी भाग नव्हता. अर्धा पाण्यात व अर्धा पाण्याबाहेर फिरणाऱ्या पंख्यावरच (प्रोपेलर) पिछाडी पेलली जात होती. आजच्या जवळपास सर्व वेगवान प्रतिकृती हायड्रोप्लेन याच तत्त्वावर धावतात.

नियम आणि मोजमाप

उत्तर अमेरिकेत या छंदाचे नियमन प्रामुख्याने नॉर्थ अमेरिकन मॉडेल बोट असोसिएशन आणि इंटरनॅशनल मॉडेल पॉवर बोट असोसिएशन या दोन संस्था करतात. त्यांच्या सरळ धाव चाचणीत ३३० फुटांचा, म्हणजे एक मैलाच्या सोळाव्या हिश्श्याचा मार्ग आखलेला असतो. नौकेने या मार्गावरून दोन्ही दिशांनी धावायचे आणि दोन्ही धावांची सरासरी हा तिचा अधिकृत वेग मानायचा, ही मूळ कल्पना. इंजिनाची घनक्षमता किंवा बॅटरीतील घटांची संख्या यांनुसार गट पाडलेले असतात, म्हणजे लहान नौकेची तुलना लहान नौकेशीच होते.

एवढ्या कमी वेळात मोजणीतील चूकही मोठी ठरते. शंभर मैल वेगाच्या नौकेचे २.२५ सेकंद हातातल्या घड्याळावर २.१५ भरले, तर वेग ताशी १६१ ऐवजी १६८ किलोमीटर दिसतो. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने साडेसात किलोमीटरचा फरक! त्यामुळे हाताने घेतलेल्या वेळेवर जुळणीचे निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. हल्ली अनेकजण नौकेत छोटे जीपीएस यंत्र ठेवतात. सरावासाठी ते उपयुक्त आहे. परंतु ते क्षणिक कमाल वेग दाखवते, तर चाचणीत संपूर्ण शंभर मीटरांचा सरासरी वेग धरला जातो. या दोन आकड्यांची गल्लत करू नये.

शत्रू एकच : उचल

जुळणीकडे वळण्यापूर्वी त्यामागचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. स्पॉन्सनच्या तळाशी पाण्यामुळे मिळणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला, की तेवढेच वजन पेलण्यास एक चतुर्थांश पृष्ठभाग पुरतो. त्यामुळे वेग वाढत जाईल तशी नौका वर येते आणि कमाल वेगात काही चौरस सेंटिमीटरच पृष्ठभाग पाण्याला टेकलेला राहतो. पाण्याचा विरोध कमी होतो तो असा.

मात्र हाच नियम हवेलाही लागू आहे. नौकेच्या खालून आणि वरून वाहणारी हवादेखील तिला वर उचलते आणि तीही वेगाच्या वर्गाने. हवेच्या या उचलीचा रोख बहुधा गुरुत्वमध्याच्या पुढे पडतो. परिणामी नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वर उचलले जाते. नाळ उचलली की हवेशी होणारा कोन वाढतो. कोन वाढला की उचल आणखी वाढते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले, की डोळ्याचे पाते लवण्याआधी नौका मागच्या मागे कोलांटी खाते. काठावरच्या चालकाला ते थांबवणे शक्य नसते. त्यामुळे उपाय करायचा तो आधी, घरच्या टेबलावर.

हे केवळ खेळण्यापुरते मर्यादित नाही. डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९५५ ते १९६४ या काळात 'ब्लूबर्ड के-७' या जेट हायड्रोप्लेनमधून सात वेळा पाण्यावरील वेगाचा जागतिक विक्रम मोडला होता. ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन सरोवरावर ते आठव्यांदा प्रयत्नास उतरले. पहिली धाव ताशी २९७.६ मैलांची (सुमारे ४७९ किलोमीटर) झाली. विक्रमासाठी परतीची धाव आवश्यक होती. त्या धावेत, आणखी अधिक वेगात असताना, ब्लूबर्डची नाळ उचलली गेली, नौका हवेत उलटली आणि कॅम्पबेल मृत्युमुखी पडले. पहिल्या धावेचा आकडा विक्रमाच्या यादीत कधीच गेला नाही. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बी यांनी ८ ऑक्टोबर १९७८ रोजी 'स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया' या नौकेतून ताशी ५११ किलोमीटरचा विक्रम ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर केला. तो अद्याप अबाधित आहे.

प्रतिकृती नौका या बाबतीत लहान असूनही सोपी नाही. आठ मीटर लांबीची ब्लूबर्ड ताशी ४८० किलोमीटर वेगात सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या सुमारे १७ पट अंतर कापत होती. एक मीटर लांबीची प्रतिकृती ताशी १६१ किलोमीटर वेगात सेकंदाला ४५ पट कापते. शिवाय नौका लहान केली म्हणून लाटा लहान होत नाहीत. दोन सेंटिमीटरची लहर पूर्णाकृती नौकेला जाणवतही नाही. प्रतिकृतीला ती उंचवट्यासारखी भासते.

कोणती नौका निवडावी?

प्रतिकृती हायड्रोप्लेनचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात रुंद, सलग पृष्ठभाग असतो आणि ती पूर्णाकृती शर्यतींतील नौकांसारखी दिसते. दुसऱ्या प्रकाराला 'आउटरिगर' किंवा नुसते 'रिगर' म्हणतात. त्यात मधला साचा अतिशय अरुंद असतो आणि स्पॉन्सन धातूच्या अथवा कार्बन तंतूंच्या आडव्या दांड्यांवर बाहेर काढलेले असतात. रुंद नौकेखाली हवा कोंडली जाते व तिची उचल मिळते. रिगरमध्ये हवेला मोकळी वाट मिळते. निव्वळ सरळ वेगासाठी रिगरला पसंती दिली जाते, ती याच कारणाने. रुंद नौका दिसायला देखणी आणि शर्यतीस योग्य असली तरी मोठ्या वेगात तिला आवरणे कठीण जाते.

गुरुत्वमध्य

जुळणीची सुरुवात गुरुत्वमध्यापासून करावी. बॅटरी किंवा इंधन, रेडिओ, झाकण, पंखा असे सर्व काही जागेवर बसवून नौका तोलून पाहावी. रिगरमध्ये गुरुत्वमध्य साधारणपणे स्पॉन्सनांच्या मागच्या कडेच्या थोडा मागे असतो. तो फार मागे गेला, की नाळ हलकी होते आणि नौका उडण्याचा धोका वाढतो. फार पुढे आला, की स्पॉन्सनांवर भार वाढतो. नौका सुरक्षित पण मंद धावते आणि लहरींवर आपटते. सरळ धावेसाठी गुरुत्वमध्य सुरुवातीस पुढच्या बाजूस ठेवून तो क्रमाक्रमाने, एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा अधिक नाही, अशा बेताने मागे न्यावा.

विजेवरील नौकेत बॅटरी सरकवून हे सहज साधता येते. इंजिनाच्या नौकेत इंधन जळत जाते तसे वजन बदलते. त्यामुळे इंधनाची टाकी शक्यतो गुरुत्वमध्याजवळच असावी.

स्पॉन्सनचा कोन

स्पॉन्सनचा तळ पाण्याशी किंचित कोन करून असतो. हा कोन मोठा असेल तर नौका लवकर पाण्यावर येते, परंतु वेगात उड्या मारू लागते. लहान असेल तर ती स्थिर धावते, मात्र पाण्यावर यायला वेळ घेते आणि टेकलेला पृष्ठभाग वाढून विरोधही वाढतो. शर्यतीच्या नौकेत हा कोन बहुधा तीन-चार अंशांचा असतो. सरळ धावेसाठी तो त्याहून कमी ठेवण्याकडे कल असतो, कारण येथे वळणातून पुन्हा वेग घेण्याचा प्रश्न नसतो आणि वेग घेण्यास लांब वाट उपलब्ध असते.

हे मोजमाप डोळ्यांनी करू नये. जाड काचेच्या सपाट तुकड्यावर नौका ठेवून कोनमापकाने दोन्ही स्पॉन्सन स्वतंत्रपणे मोजावेत. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाचा नकळत राहिलेला फरक नौकेला एका बाजूस कलवतो आणि मग तो दोष सुकाणूच्या माथी मारला जातो. याच वेळी नौकेच्या वरच्या पृष्ठभागाचा कलही पाहावा. तो आडवा किंवा नाळेकडे जरासा उतरता असावा. नाळेकडे चढता असल्यास हवेला आमंत्रणच मिळते.

पंखा आणि त्याचा आधार

अर्ध-बुडीत पंखा हा या नौकेचा प्राण होय. तो नौकेला पुढे रेटतो, पिछाडी उचलून धरतो आणि बाजूलाही ढकलतो. त्याचे वर्णन दोन आकड्यांनी होते : व्यास आणि एका फेऱ्यात सैद्धांतिकदृष्ट्या कापले जाणारे अंतर, ज्याला 'पिच' म्हणतात. ४० मिलिमीटर व्यासाच्या आणि १.४ गुणोत्तराच्या पंख्याचे पिच ५६ मिलिमीटर असते.

यावरून वेगाचा अंदाज बांधता येतो. हा पंखा मिनिटाला ४०,००० फेरे घेत असेल, तर सैद्धांतिक अंतर मिनिटाला २,२४० मीटर, म्हणजे ताशी १३४ किलोमीटर होते. पाण्यात पंखा काही प्रमाणात घसरतोच. ही घसर १५ टक्के धरली, तर प्रत्यक्ष वेग ताशी ११४ किलोमीटरच्या आसपास येतो. मोजलेला वेग यापेक्षा बराच कमी निघाला तर दोन शक्यता उरतात : पंखा अपेक्षित फेरे घेत नाही, किंवा तो पाणी नीट पकडत नाही. कोणत्या दिशेने शोध घ्यायचा, हे या साध्या गुणाकाराने कळते.

नवा पंखा जसाच्या तसा वापरला जात नाही. त्याच्या पात्यांची पुढची धार पातळ केली जाते, मागच्या कडेला हलका बाक दिला जातो आणि शेवटी दोन्ही पाती समतोल केली जातात. चाळीस हजार फेऱ्यांत रतीभर असमतोलही शाफ्ट आणि बेअरिंग यांचा नाश करतो. येथे एक इशारा महत्त्वाचा आहे. स्पर्धेतील अनेक पंखे बेरिलियम-तांबे मिश्रधातूचे असतात आणि बेरिलियमची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास गंभीर, कायमचा आजार होऊ शकतो. असे पंखे कोरडे घासू नयेत. पाण्याखाली किंवा ओल्या कागदाने, योग्य मुखवटा लावून आणि घरातील माणसांपासून दूर हे काम करावे. घासलेले पाणी व कागद वाळू न देता बाजूला काढावेत.

शाफ्टला पिछाडीस जो आधार असतो, त्याला स्ट्रट म्हणतात. त्याची उंची आणि कोन ही जुळणीतील सर्वांत संवेदनशील बाब आहे. स्ट्रट खाली घेतला, की पंखा अधिक बुडतो, पिछाडी वर येते, नाळ दबते आणि मोटरवरचा भार वाढतो. वर घेतला, की विरोध घटतो, पण पंखा पाणी सोडून हवेत भिरभिरू लागण्याची शक्यता वाढते. कोनाचे तसेच आहे. शाफ्टचे मागचे टोक खाली झुकलेले असेल, तर पंख्याचा रेटा पिछाडी उचलतो. वर झुकलेले असेल, तर पिछाडी खाली ओढली जाते आणि नाळ मोकळी होते. स्ट्रटची उंची एका वेळी एक मिलिमीटरने आणि कोन अर्ध्या अंशाने बदलावा, त्याहून अधिक नको.

पुष्कळ नौकांत शाफ्ट म्हणून पिळाची लवचीक तार वापरतात. भार पडताच ती आवळली जाऊन लांबीने थोडी कमी होते. त्यामुळे स्ट्रट आणि पंख्याची पकड यांच्यामध्ये काही मिलिमीटरची फट ठेवावी लागते; ती विसरल्यास पकड स्ट्रटवर घासून अडकते. तारेला वंगण प्रत्येक सत्रात नव्याने द्यावे.

सरळ धावणे सोपे नाही

पिछाडीकडून पाहिले असता पंखा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत असेल, तर त्याचा उलटा पीळ नौकेची डावी बाजू पाण्यात दाबतो. शिवाय पाण्यात असलेली खालची पाती डावीकडे पाणी फेकत असल्याने पिछाडी उजवीकडे सरकू पाहते आणि नाळ डावीकडे वळते. म्हणजे कोणी सुकाणूस हात लावला नाही, तरी नौका सरळ धावत नाही.

सुकाणू थोडा वळवून ठेवणे हा यावरचा सोपा, पण महाग उपाय आहे; कारण तिरका सुकाणू सतत पाण्याचा विरोध घेतो. त्यापेक्षा बॅटरी किंवा अन्य वजन किंचित उजवीकडे घ्यावे आणि स्ट्रट आडव्या दिशेने अगदी थोडा फिरवावा. सुकाणू सरळ असताना नौका सरळ धावली पाहिजे, हे ध्येय. शर्यतीच्या नौकेत वळणासाठी स्पॉन्सनला एक उभे पाते बसवलेले असते. सरळ धावेत त्याची गरज कमी असल्याने ते लहान करता येते. मात्र ते पूर्णपणे काढले, तर वाऱ्याच्या झोताने नौका आडवी जाण्याचा संभव असतो. सुकाणूच्या चालीची मर्यादाही प्रक्षेपकावरून घटवावी. मोठ्या वेगात बोटाचा नकळत झालेला धक्कासुद्धा नौका उलथवण्यास पुरतो.

शक्तीचा स्रोत

विजेवरील नौकांत ब्रशविरहित मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी वापरतात. मोटरवर दर व्होल्टमागे फेऱ्यांचा आकडा दिलेला असतो. व्होल्टमागे २,००० फेरे घेणारी मोटर सहा घटांच्या, म्हणजे २२.२ व्होल्टच्या बॅटरीवर भाराविना ४४,४०० फेरे घेते. पंख्याचा भार आला की आकडा खाली येतो. कमाल क्षणी २०० अँपिअर प्रवाह वाहिल्यास सुमारे ४.४ किलोवॅट, म्हणजे जवळपास सहा अश्वशक्ती खर्च होते. विशेष म्हणजे दहा सेकंद असा प्रवाह घेतला, तरी जेमतेम अर्ध्या अँपिअर-तासाहून थोडी अधिक वीज लागते. त्यामुळे सरळ धावेस मोठी बॅटरी लागत नाही. लागते ती कमी अंतर्गत रोध असलेली, एकदम प्रवाह देऊ शकणारी बॅटरी. वाचलेले वजन हा येथे थेट लाभ आहे.

ग्लो इंजिनाच्या नौका मिथेनॉल, तेल आणि नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालतात. त्यांत निकास नळीची लांबी निर्णायक ठरते. नळीतून परत येणारी दाबाची लाट निकासद्वार बंद होण्याच्या आधी पोहोचली, तर बाहेर निसटणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलले जाते. फेरे वाढले, की लाटेला मिळणारा वेळ कमी होतो. म्हणून अधिक फेऱ्यांसाठी नळी आखूड करावी लागते. इंधनाचे मिश्रण विरळ केल्यास फेरे वाढतात, पण तापमानही वाढते. तेलाचे प्रमाण घटलेल्या तापलेल्या इंजिनाचा पिस्टन काही सेकंदांत निकामी होतो. पहिली धाव जिंकून दुसरीत बंद पडणाऱ्या इंजिनांमागे बहुधा हेच कारण असते.

पाणी, वारा आणि परतीची धाव

सरळ धावेसाठी अगदी आरशासारखे पाणी उत्तम, असा समज असतो. वास्तविक अशा पाण्याला स्पॉन्सन चिकटून राहतात. बारीक, एकसारखी लहर असेल तर ते सहज सुटतात. मोठ्या लहरी मात्र नकोत.

वाऱ्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. नौका ताशी १६० किलोमीटर वेगाने धावत आहे आणि धावेच्या रेषेत ताशी १६ किलोमीटरचा वारा वाहतो आहे, असे समजू. वाऱ्याविरुद्ध धावताना नौकेला १७६ किलोमीटरची हवा लागते आणि हवेची उचल २१ टक्क्यांनी वाढते. वाऱ्याबरोबर धावताना १४४ किलोमीटरची हवा लागते आणि उचल १९ टक्क्यांनी घटते. म्हणजे साध्या झुळकीमुळे दोन धावांतील हवेच्या उचलीत जवळजवळ दीडपट तफावत पडते. वाऱ्याबरोबरच्या धावेत सुरेख वाटणारी जुळणी परतीच्या धावेत प्राणघातक ठरू शकते, ती अशी. त्यास्तव जुळणी नेहमी वाऱ्याविरुद्धच्या धावेसाठी करावी आणि वाऱ्याबरोबर थोडा वेग गमवावा लागला तरी तो गमवावा.

परतताना स्वतःच्याच लाटांचाही विचार करावा लागतो. पहिल्या धावेची खळबळ काठांवर आपटून परत येते. ती शमण्यास पुरेसा अवधी देऊन मगच नौका वळवावी. वेग घेताना शक्ती एकदम देऊ नये. क्रमाने वाढवत नेऊन मार्गाच्या प्रारंभरेषेपर्यंत पूर्ण करावी. शेवटची रेषा ओलांडल्यावरही शक्ती एकदम तोडू नये. पंख्याची उचल अचानक नाहीशी झाली, की पिछाडी खाली बसते, नाळ वर येते आणि धाव यशस्वी झाल्यानंतर नौका उलटते. असे अपघात नवख्यांच्या बाबतीत वारंवार घडतात.

एका वेळी एकच बदल

जुळणीचा सर्वांत मोठा नियम कोणत्याही हत्याराने पाळता येत नाही. त्याला वही लागते. प्रत्येक धावेपूर्वी गुरुत्वमध्य, स्पॉन्सनांचे कोन, स्ट्रटची उंची व कोन, पंखा, वारा, पाणी आणि धावेनंतर दोन्ही दिशांचे वेग, मोटर व बॅटरीचे तापमान यांची नोंद करावी. दोन धावांच्या मध्ये एकच गोष्ट बदलावी. पंखा आणि स्ट्रट एकाच वेळी बदलले आणि वेग वाढला, तर श्रेय कोणाचे हे कळत नाही. वेग घटला, तर दोष कोणाचा हेही कळत नाही. दोन दिशांच्या वेगांतील अंतर हा नोंदवहीतील सर्वांत बोलका आकडा होय. वारा नसतानाही ते मोठे असेल, तर जुळणी काठावर आलेली आहे असे समजावे.

सुरक्षितता

दोन-तीन किलो वजनाची वस्तू या वेगाने काठावर आदळल्यास जीवितहानी होऊ शकते. म्हणून धावमार्ग काठापासून दूर असावा आणि प्रेक्षक रेषेच्या टोकाशी उभे नसावेत. पोहणारे किंवा होडीतील माणसे असलेल्या पाण्यात नौका सोडूच नये. रेडिओ-संपर्क तुटल्यास शक्ती आपोआप बंद होईल, अशी ग्राहक यंत्राची तजवीज प्रत्येक सत्राआधी तपासावी. बॅटरी जोडल्यानंतर पंख्याजवळ हात नेऊ नये. धार लावलेला पंखा सुरीहून वेगळा नसतो. लिथियम-पॉलिमर बॅटरी फुगली, भोसकली गेली किंवा आत पाणी गेलेल्या नौकेतून बाहेर काढली, तर ती पुन्हा वापरू नये. उघड्यावर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी. नौकेच्या पोकळीत फोम भरलेला असावा, म्हणजे उलटली तरी बुडणार नाही. तिला आणण्यासाठी स्वतः पोहत जाणे टाळावे. त्यासाठी होडी तयार ठेवणे हीच रीत आहे.

या छंदात विक्रमांच्या आकड्यांना आकर्षण आहे, हे खरेच. परंतु ज्या नियमाने ते आकडे ठरतात, त्या नियमाने शहाणपणही शिकवले आहे. एकदाच गाठलेल्या कमाल वेगाची नोंद होत नाही. नोंद होते ती दोन्ही दिशांनी टिकलेल्या वेगाची. म्हणून उत्तम जुळणी ती नव्हे जी नौकेला सर्वाधिक उंचावर नेते; पाण्याशी शेवटचा धागा राखून जी नौकेला जाताना आणि येताना सारखीच धाववते, ती उत्तम जुळणी. मोटर विकत मिळते, पंखाही मिळतो. हा धागा मात्र प्रत्येकाला वहीतल्या नोंदींतून, मिलिमीटर-मिलिमीटरने शोधावा लागतो.